लाल कार्डाची खुर्ची

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. शनिवारची सकाळ होती, समुद्राकडून वारा सुटला होता आणि ओली चादर हातात राहायला तयार नव्हती. फोन खांद्याने कानाशी धरून मी म्हटलं, "थांब गं, चिमटा लावते." ती थांबली. चिमटा लागल्यावर म्हणाली, "शुभा, मिलिंद गेला. हॉस्पिटलमधून फोन आला आत्ता." अशा वेळी माणसं रडतात, मटकन खाली बसतात. माझ्या तोंडून निघालं, "तू पाहिलंस का?" मग ती म्हणाली, "हे तू नाही बोललीस. हे तो बोलला." आणि तेव्हा तिला रडू फुटलं. आम्ही दोघी गेलो, पाहिलं आणि परत आलो. आता विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. निदान त्या दिवशी तरी तसं वाटलं.

त्याला आता काही महिने झाले. मधल्या काळात इथल्या मराठी मंडळींनी शोकसभा घेतली. बुद्धवंदना झाली, मग एकेक जण उठून बोलला. मिलिंद हसतमुख होता, मनमिळाऊ होता, सगळ्यांवर पटकन विश्वास टाकायचा... मी मागच्या रांगेत बसून विचार करत होते की ही मंडळी चुकून दुसऱ्याच कोणाच्या सभेला तर आली नाहीत? मिलिंदचा स्वतःच्या सावलीवर विश्वास नव्हता. तो हसायचा ते समोरच्याचं बोलणं खोटं ठरल्यावर. माणूस गेला की रातोरात गोड होतो हे मला कधीच पटलेलं नाही, आणि त्यात माझा दोष नाही. मी विम्याचे दावे तपासते. कोणाचं छप्पर खरोखर वादळाने उडालं आणि कोणाचं आधीपासूनच गळत होतं, हे शोधायचा मला पगार मिळतो. संशय हा माझा पोटापाण्याचा धंदा. मिलिंदचा तो धंदाही होता आणि स्वभावही, आणि आमची मैत्री त्याच एका खांबावर उभी होती.

ती सुरू झाली हॅरिस पार्क या भारतीय वस्तीच्या उपनगरातल्या एका वाणसामानाच्या दुकानात. मी आमच्या समुद्रकाठच्या गावाहून, वॉलॉंगॉंगहून, महिन्याचं सामान भरायला गेले होते. एक उंच, सावळा माणूस मेथीची जुडी नाकाशी धरून उभा होता आणि दुकानदार वैतागून सांगत होता, "भाईसाब, आज सुबह ही आयी है." त्यावर हा शांतपणे म्हणाला, "आते हुए आपने देखा?" दुकानदाराने कपाळाला हात लावला. शेजारी उभी असलेली त्याची बायको माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली, "रोजचं आहे हे. तुम्ही घ्या तुमची मेथी." मी ती घेतली नाही. उलट मीही एक जुडी उचलून वास घेतला. परतीच्या ट्रेनमध्ये आम्ही तिघं समोरासमोर बसलो, आणि घरं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत हे निघालं. किनाऱ्याने गाडी धावत होती, प्रज्ञा मला खिडकीतून समुद्र दाखवत होती आणि मिलिंद दुसऱ्या बाजूच्या रुळांवर उभ्या असलेल्या मालगाडीच्या डब्यांवरचे आकडे पुटपुटत वाचत होता. मी विचारलं, हे काय? म्हणाला, "माझ्या आहेत का बघतोय."

त्या वाघिणी. मालडब्याला आपल्याकडे वाघीण म्हणतात हे मी शाळेत वाचलं होतं, पण रोजच्या बोलण्यात तो शब्द वापरणारा माणूस मला पहिल्यांदा भेटला. त्याचे वडील भुसावळला मालधक्क्यावर कारकून होते. मिलिंद पुण्यात संगणक शिकला, कौशल्याच्या व्हिसावर इकडे आला आणि फिरून पुन्हा वाघिणींच्याच दावणीला येऊन बांधला गेला. त्याची कंपनी म्हणजे एक छोटी खाजगी रेल्वे. मोठ्या कंपनीची गाडी जंक्शनवर वाघिणी सोडून जायची. तिथून त्या एकेका कारखान्याच्या आतल्या रुळावर नेऊन लावायच्या, रिकाम्या झाल्या की परत जंक्शनवर आणून द्यायच्या, एवढंच या रेल्वेचं राज्य. पण त्या एवढ्याशा प्रवासात प्रत्येक वाघीण कधी, कोणाच्या ताब्यात होती हे मिलिंदला सांगावं लागे, कारण बिल त्यावर निघे. कंपनीने त्यासाठी अमेरिकेत बनलेलं सॉफ्टवेअर घेतलं होतं. तिथले शब्द वेगळे, इथले वेगळे, आणि कोणत्या शब्दाचा अर्थ इथे नेमका काय घ्यायचा हे ठरवून सगळ्यांना शिकवणं हे मिलिंदचं काम होतं. तो म्हणायचा, "शुभा, यातला प्रत्येक शब्द कोणीतरी जबाबदारी झटकायला शोधून काढलाय."

एका शब्दावर तर त्याचा विशेष दात होता. समजा वाघीण आली, पण कारखान्याच्या आतल्या रुळावर जागाच नाही. मग ती बाहेर यार्डात उभी करायची, कारखान्याला तसं कळवायचं, आणि कळवल्या क्षणापासून ती पोचली असं धरायचं. माल उतरवायला जो मोकळा वेळ मिळतो तो तिथून मोजायचा आणि तो संपला की डॅमरेज, म्हणजे उशिराचा दंड, चालू. मिलिंदने याला मराठी नाव ठेवलं होतं, 'पोचल्यात जमा'. "प्रत्यक्षात पोचली का? नाही. पण पोचल्यात जमा. कागदावर सगळे सुटले, वाघीण बिचारी उन्हात." मग ते त्याने घरी, दारी, सगळीकडे लावलं. मंडळाच्या कार्यक्रमाला कोणी फोनवर 'निघालोच' म्हणालं की हा जाहीर करायचा, "आले. पोचल्यात जमा." प्रज्ञाने भाजी झालीच म्हटलं की झाकण उचलून बघायचा. ती त्याच्या हातावर झारा मारायची.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसतं त्यावर तो विश्वास ठेवत नसे. कारखान्याचा माणूस फोनवर 'रिकामी केली, घेऊन जा' म्हणाला की याला वाटायचं, डॅमरेज थांबावं म्हणून म्हणतोय, आत अर्धा माल तसाच असणार. म्हणून दर शनिवारी सकाळी, सुट्टीच्या दिवशी, पदरचं पेट्रोल जाळून तो यार्डाच्या वरच्या टेकाडावर गाडी लावायचा आणि दुर्बिणीतून खालच्या वाघिणी बघायचा. सोबत प्रज्ञाचं थालीपीठ. मी एकदा म्हटलं, "कंपनीने सांगितलंय का तुला हे?" तर म्हणाला, "सांगितलं असतं तर गेलो नसतो. संशय आला असता, का पाठवतायत म्हणून."

याच टेकाडावर त्याची पुरती फजिती झाली होती, आणि ती गोष्ट तो स्वतःच रंगवून सांगायचा. एक रिकामी वाघीण हरवली. पडद्यावर ती एका सिमेंटच्या कारखान्यात उभी होती. कारखाना म्हणे, आम्ही कधीच परत दिली. मोठी कंपनी म्हणे, आम्हाला मिळाली नाही. वाघिणीचं भाडं चालूच. मिलिंदला खात्री होती की कारखान्याचा मुकादम तिच्यात सामान भरून ठेवतोय, फुकटचं गोडाऊन म्हणून. कितीतरी शनिवार तो दुर्बीण लावून त्या बिचाऱ्या मुकादमावर पाळत ठेवून बसला. शेवटी एक दिवस गाडीच्या काचेवर टकटक झाली. ट्रिश होती, वाघिणींची तपासणी करणारी. पन्नाशीची, उन्हाने रापलेली, बोलायला फटकळ बाई. तिने विचारलं, कुठली शोधतोयस, mate? याने आकडा सांगितला. ती म्हणाली, ती तर आपल्याच शेडच्या मागे दुरुस्तीच्या रुळावर उभी आहे, मीच लाल कार्ड लावलंय तिला. कार्ड लागलं होतं, पडद्यावर नोंद करायची राहिली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मिलिंद सांगायचा, "सगळ्यांच्या रुळांवर संशय घेतला मी... आपलं यार्ड सोडून." आम्ही हसायचो. त्या वाक्यात हसण्यासारखं काय होतं ते आता मला आठवत नाही.

ट्रिशने त्याला चिडवायला म्हणून जुन्या, कोऱ्या कार्डांचा एक गठ्ठाच भेट दिला. तुझ्या घरीही लाव म्हणाली. त्यांच्या यार्डात दोन रंग होते. लाल म्हणजे वाघीण जागेवरून हलवायची नाही. हिरवं म्हणजे बिघाड आहे, पण आत माल भरलेला आहे, तेव्हा मुक्कामापर्यंत जाऊ दे, रिकामी झाली की मात्र सरळ दुरुस्तीला. आणि एक नियम, की कार्ड फोनवरून निघत नाही. 'झाली दुरुस्त' असं कोणी सांगितलं म्हणून काढायचं नाही, डोळ्यांनी पाहायचं आणि मग काढायचं. मिलिंदला हा नियम इतका आवडला की त्याने खरंच घरभर कार्डं लावली. मिक्सरला हिरवं, चटणी होऊ दे, मग दाखव. गळक्या नळाला लाल. माझ्या गाडीच्या आरशाला न विचारता हिरवं. त्यांची मुलगी इशा दूर क्लेटनला युनिव्हर्सिटीत शिकते. ती सुट्टीत एका मित्राला घरी घेऊन आली, तर याने त्या मुलाच्या पाठीवरच्या बॅगेला गुपचूप हिरवं कार्ड अडकवलं. इशा संतापली, "Dad, that is so embarrassing." हा म्हणाला, "अगं, लाल नाही लावलं." तो मित्र कार्ड घेऊन गेला आणि पुढच्या सुट्टीत तेच बॅगेला लावून परत आला. मिलिंदने बॅग खालीवर करून पाहिली, म्हणाला, अजून राहू दे.

इथल्या गेल्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्याकडच्या थंडीत, प्रज्ञा नागपूरला गेली. तिच्या वडिलांचे फार दिवस उरले नव्हते. ती एकुलती एक. आई आधीच गेलेली. जाताना विमानतळावर तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "याच्याकडे लक्ष ठेव. नीट जेवत नाही हा." म्हणून दर रविवारी मिलिंद आमच्याकडे जेवायला यायचा. आमचं घर चढावर आहे, रस्त्यापासून दारापर्यंत पायऱ्या आहेत. एका रविवारी तो वर आला, आणि एरवी सरळ स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यावरची झाकणं उचलणारा हा माणूस दाराजवळच्या लाकडी खुर्चीत बसला. खुर्ची करकरली. तो थोडा वेळ तसाच बसून राहिला, मग उठला, खुर्ची दोन्ही हातांनी धरून हलवली आणि म्हणाला, "हिचा पाय गेलाय." अजित, माझा नवरा, म्हणाला, काहीतरीच काय. पण मिलिंदच्या खिशात कार्ड असायचंच. त्याने लाल कार्ड खुर्चीच्या पाठीला दोऱ्याने बांधलं आणि आम्हाला बजावलं, "कोणी बसायचं नाही. दुरुस्त करा, मी बघेन, मग काढेन." जेवताना मी म्हटलं, आज आमटी कमी घेतलीस. म्हणाला, "इन्शुरन्सवाली बाई, आमटीचापण क्लेम करू का?" नागपूरहून प्रज्ञाचा फोन आला तेव्हा तो माझ्यासमोर तिला सांगत होता, "मी मस्त. No worries. तू बाबांकडे बघ."

बाबा गेले. प्रज्ञा त्यांच्याजवळ होती, हात हातात होता. पुण्यानुमोदनाचा विधी उरकून ती परत आली. आणि ती आल्यावर पहिल्याच शनिवारी मिलिंद टेकाडावर गेला तो परत आला नाही. कुत्रा फिरवायला आलेल्या कोणीतरी गाडीच्या काचेतून पाहिलं आणि ॲम्ब्युलन्स बोलावली. हृदय बंद पडलं होतं. दुर्बीण मांडीवर होती, थालीपीठ खाल्लेलं होतं. ते थालीपीठ खाल्लं होतं याचा प्रज्ञाला कितीतरी दिवस आधार वाटत होता. मला ते तिने अनेकदा सांगितलं.

मग तो दुसरा फोन आला. मी तिच्या स्वयंपाकघरात बसले होते. ती फोनवर 'येस' म्हणाली, 'नो' म्हणाली, शेवटी 'थँक यू' म्हणाली आणि फोन ओट्यावर ठेवून उभीच राहिली. मी विचारलं, कोण होतं? "दवाखान्यातली मुलगी. हार्टच्या डॉक्टरकडची. म्हणाली, मिलिंद अपॉइंटमेंटला आला नाही. परत बुक करायची का, विचारत होती." मी म्हटलं, तू काय सांगितलंस? "नको म्हटलं." मग ती माझ्यासमोर येऊन बसली. इथे हृदयाच्या डॉक्टरकडे उठून कोणी थेट जात नाही. आधी नेहमीचा डॉक्टर तपासतो, त्याला शंका आली तर तो चिठ्ठी देतो. म्हणजे मिलिंद आधी नेहमीच्या डॉक्टरकडे जाऊन आला होता. म्हणजे त्याला कोणीतरी काहीतरी सांगितलं होतं. हे सगळं प्रज्ञा हळूहळू, एकेक पायरी उतरल्यासारखी मला सांगत होती, आणि मला ते आधीच दिसत होतं. "शुभा, त्याला माहीत होतं का? तू सांग. तू हेच काम करतेस ना? माणूस खरं बोलत होता की खोटं, ते तू शोधून काढतेस ना?" ती म्हणाली, "त्याला माहीत नव्हतं, तर ते मला दिसायला हवं होतं, मी बायको आहे. आणि माहीत असून लपवलं असेल, तर मी कोणाबरोबर राहत होते? यातलं एक काहीतरी मला कळू दे. मग मी बसते रडत."

त्या दिवसापासून तिची झोप गेली. ती त्याच्या फोनवरचं प्रत्येक बोलणं पुन्हा पुन्हा आठवून त्यातला आवाज तपासायची. नागपूरला असताना तो एकदा बोलता बोलता थांबला होता, तेव्हा त्याला दम लागला होता का? 'मस्त' हा शब्द तो एरवी वापरायचा का? मीही तेच करत होते, फक्त तिच्यासमोर नाही. मला त्या रविवारी पायऱ्या चढून आलेला तो आठवला, आमटी आठवली. एक दिवस मी अजितला विचारलं, त्या खुर्चीच्या पायाचं काय झालं? तो म्हणाला, "अगं, मी तेव्हाच उलटी करून पाहिली. एक स्क्रूसुद्धा ढिला नाही. ती करकरते, पहिल्यापासूनच करकरते. त्याला काय दिसलं कोण जाणे." खुर्चीला लाल कार्ड तसंच होतं. मी ते पाहत उभी राहिले आणि मला मिलिंदचा असा राग आला की ते ओढून काढावंसं वाटलं. काढलं नाही. मी दावे तपासते, पुरावा जागचा हलवत नाही.

त्याच्या टेबलावरच्या वस्तू न्यायला कंपनीने बोलावलं होतं, तेव्हा मी प्रज्ञाबरोबर गेले. एक मग, एक स्वेटर, इशाचा लहानपणीचा फोटो. ते घेऊन निघताना प्रज्ञा म्हणाली, ट्रिशला भेटायचंय. ट्रिश शेडच्या मागे होती, दुरुस्तीच्या रुळावर, एका वाघिणीच्या चाकांशी वाकून काम करत. आम्हाला पाहून तिने हातमोजे काढले आणि प्रज्ञाला घट्ट मिठी मारली. प्रज्ञाने आडपडदा न ठेवता विचारलं, त्याने तुला काही सांगितलं होतं का? ट्रिश इंग्रजीत जे बोलली ते माझ्या भाषेत असं. एकदा तो माझ्याबरोबर इथे चाकं बघत होता, बघता बघता या डब्याला धरून उभा राहिला, तोंड पांढरं. मी म्हटलं, mate, तुला लाल कार्ड लावायला पाहिजे. तो म्हणाला, नाही, हिरवं. आत्ता लोडेड आहे. बायको तिच्या वडिलांजवळ आहे, ती घरी पोचली की जातो दुरुस्तीला, वेळ घेऊन ठेवलीय... ट्रिशने हातमोजे खिशात कोंबले. मग म्हणाली, मी म्हटलं, नक्की? तो म्हणाला, नक्की.

मी विचारलं, "हे त्याने स्वतः सांगितलं, या शब्दांत? की तुझा तसा समज झाला?" प्रज्ञाने माझ्याकडे चमकून पाहिलं. ट्रिशने मात्र वाईट वाटून घेतलं नाही. ती म्हणाली, "तू शुभा. तो सांगायचा तुझ्याबद्दल." आणि वाघिणीच्या ज्या लोखंडी पट्टीला धरून तो उभा होता तिच्यावर तिने हात ठेवून दाखवला. इथे, म्हणाली.

प्रज्ञा त्या पट्टीकडे बघत होती. मला वाटलं ती रडेल. ती मराठीत, अगदी खालच्या आवाजात बोलायला लागली, माझ्याशीही नाही आणि ट्रिशशीही नाही. "आणि मला? मला विचारलं का कोणी? लोड कोण होतं? मी होते ना? दोघं होते मला. एकाजवळ मी असणार होते, दुसऱ्याजवळ नाही. कोणाजवळ, ते याने ठरवलं. परस्पर. इथे उभं राहून." ट्रिशला शब्द कळत नव्हते, तरी ती तिथून हलली नाही. मग प्रज्ञाने त्या वाघिणीला थडाथड हाताने मारलं, लहान मूल पडलं की आपण जमिनीला मारतो तसं, आणि गाडीत येऊन बसली.

घरी येताना मी तिला माझा संशय सांगितला. तो मी तिच्यापासून लपवला असता तर माझ्यात आणि त्याच्यात फरक काय राहिला असता? मी म्हटलं, "प्रज्ञा, ट्रिश खरं बोलतेय यात शंका नाही. पण तो ट्रिशला खरं बोलत होता का, ते मला माहीत नाही. माणसं डॉक्टरला घाबरतात. मी रोज बघते. घाबरलेला माणूस कारण शोधतो, आणि त्याला तुझ्या नागपूरचं फार चांगलं कारण सापडलं. तो थोर होता म्हणून गप्प बसला, का भित्रा होता म्हणून, हे मी नाही सांगू शकत." ती बाहेर बघत होती. डोंगरावर ढग उतरले होते. मग म्हणाली, "दोन्ही असेल. तो दोन्ही होता." आणि थोड्या वेळाने, "पण बाबांनी माझा हात धरला होता. ते मी आता परत देऊ शकत नाही. आणि ते मला नकोही म्हणता येत नाही... म्हणून तर राग येतो."

त्यानंतर ती कुठे जाईनाशी झाली. फोन केला की म्हणायची, मी ठीक आहे, जेवले, झोपले. मला यातल्या एकाही शब्दाची खात्री नव्हती. जेवल्यात जमा, झोपल्यात जमा. इशा आठवडाभर येऊन राहून गेली, तिलाही तेच सांगितलं गेलं. शेवटी एका शनिवारी मी प्रज्ञाच्या घरी गेले आणि तिला गाडीत घालून आमच्याकडे आणलं. त्या पायऱ्या ती चढली, दारात आली, आणि तिला खुर्ची दिसली, पाठीला लाल कार्ड बांधलेली. हे तिला मी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "हे कधी लावलं त्याने?" मी दिवस सांगितला. ती नागपूरला असतानाचा तो रविवार. "काय झालंय हिला?" मी म्हटलं, पाय गेलाय म्हणाला. अजितने पाहिलं, काही झालेलं नाही.

प्रज्ञाने पर्स खाली ठेवली. खुर्ची दोन्ही हातांनी धरून हलवली, अगदी तो हलवायचा तशी, आधी पुढे मागे आणि मग आडवी. उलटी केली. चारही पाय एकेक करून चाचपले. मग सरळ करून, सगळा भार टाकून तिच्यात बसली. खुर्ची करकरली. ती तशीच बसून राहिली, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून, आणि मला दिसत होतं की ती पायऱ्या चढून आलेल्या, दम लागलेल्या एका माणसाच्या जागी बसून पाहत होती. "हिला काहीच झालेलं नाही गं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही. "ही ठणठणीत होती. याला दम लागला आणि याने खुर्चीवर ढकललं. खोटारडा." खोटारडा हा शब्द इतक्या मायेने म्हटलेला मी आजवर ऐकला नव्हता.

मी चहा टाकला. अजितसकट आम्ही तिघांनी प्यायला. ती उठली तेव्हा मी दोऱ्याला हात लावून विचारलं, "मग काढू का आता कार्ड? तू पाहिलंस ना डोळ्यांनी." तिने खुर्चीकडे पाहिलं, पुन्हा एकदा हलवली, कान देऊन ऐकलं. "नको," ती म्हणाली. "एकदा बघून काय कळतं? पुढच्या शनिवारी परत येते."

ती येते. दर शनिवारी सकाळी, त्याच्या टेकाडावर जाण्याच्या वेळेला, ती आमच्या पायऱ्या चढते, खुर्ची हलवते, बसते, थालीपीठ आणलेलं असतं ते आम्ही खातो, आणि ती काय काय सांगते. बाबांचं, इशाचं, कधी त्याचंही. निघताना ती कार्डाकडे बघून मान हलवते, म्हणते, अजून खात्री नाही. मी तिला काही विचारत नाही. मला दाट संशय आहे की तिला पहिल्याच शनिवारी खात्री झाली होती.